माजी विद्यार्थी संघानं नेमकी कोणती सेवा हाती घ्यावी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचं जुनं महाविद्यालय आहे. माजी विद्यार्थी संघाची नुकतीच रीतसर नोंदणी झाली. पुण्या-मुंबईतले आणि परदेशातले माजी विद्यार्थी पैसे द्यायला तयार आहेत. काही प्राध्यापक, ऑफिसमधले आणि प्रयोगशाळेतले कर्मचारी वेळ द्यायला तयार आहेत. पहिल्या बैठकीत वृक्षारोपण, रक्तदान, आरोग्य शिबिर, वह्यावाटप, गाव दत्तक घेणं असे प्रस्ताव आले. यातलं काय घ्यावं, आणि दोन वर्षांत उत्साह ओसरू नये म्हणून काय करावं?

मी आधी राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते आणि नंतर बरीच वर्षं विद्यापीठाच्या विस्तारकार्यात, म्हणजे समाजात जाऊन करायच्या उपक्रमांत, काम केलं. अनेक महाविद्यालयांचे असे उपक्रम सुरू होताना आणि बंद पडताना जवळून पाहिले. माझं मत असं की तुमच्या यादीतली कामं चांगलीच आहेत, पण ती तुमच्यावाचून अडलेली नाहीत. रक्तदान रक्तपेढ्या आणि गणेश मंडळं करतात, झाडं सामाजिक वनीकरणवाले आणि ग्रामपंचायती लावतात, वह्या वाटणारी मंडळं प्रत्येक पेठेत आहेत. महाविद्यालयाकडे मात्र अशा दोन गोष्टी आहेत ज्या तालुक्यात सहसा दुसऱ्या कुणाकडे एकत्र सापडत नाहीत. एक म्हणजे ते जागचं हलत नाही. तहसीलदार बदलतो, बीडीओ बदलतो, संस्थांचे प्रकल्प तीन वर्षांत गुंडाळले जातात, पण कॉलेजच्या ऑफिसातला वरिष्ठ लिपिक वीस-पंचवीस वर्षं तिथंच असतो. दुसरी गोष्ट, सरकारी कागद कुठून निघतो, कुठे अडतो आणि का परत येतो, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असतं. या दोन्ही गोष्टींवाचून जे काम होऊच शकत नाही, ते घ्या.

तेव्हा माझं थेट उत्तर: दाखले, शिष्यवृत्ती आणि प्रवेश यांसाठी कायमचा मदत कक्ष सुरू करा. फक्त तुमच्या विद्यार्थ्यांसाठी नाही, तालुक्यातल्या दहावी-बारावी झालेल्या कुठल्याही मुलामुलीसाठी. दिसायला हे काम फारच साधं आहे, फोटो काढण्याजोगं तर मुळीच नाही. पण एखाद्या मुलीचं शिक्षण सुटतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा हुशारीचा प्रश्न नसतो. फी भरायची तारीख आणि शिष्यवृत्ती जमा होण्याची तारीख यांच्यातलं अंतर घरच्यांना पेलत नाही, किंवा एक दाखला वेळेवर निघत नाही, एवढंच कारण असतं.

हे काम जवळून पाहिल्याशिवाय त्यातली मेख कळत नाही, म्हणून जरा तपशिलात सांगते. राज्यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या पोर्टलवर भरावे लागतात. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाची) शिष्यवृत्ती, इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्यांच्या योजना, आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता, हे सगळं तिथं आहे. प्रत्येक योजनेची उत्पन्नमर्यादा वेगळी. मॅट्रिकोत्तरला अडीच लाख, शाहू शिष्यवृत्तीला आठ लाख. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. वाड्यावस्त्यांवरच्या किती आईबापांना ही गोष्ट प्रवेशाच्या आधी कळते? मुलगी इंजिनिअरिंगला जाणं परवडणार नाही असं घरात ठरून गेलेलं असतं, आणि माफीची बातमी नंतर कुणाच्या तरी तोंडून येते.

आता अर्ज कुठे अडतो ते पाहा. आधारवर आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. त्यात इंग्रजी स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं. उत्पन्नाचा दाखला जुना, मुदत संपलेला. बँकेत खातं आहे, पण मुलगी पाचवीत असताना आजीनं शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, आणि व्यवहार नसल्यानं बंद पडलेलं. सगळ्यांत जास्त घोळ आधार जोडणीत होतो. बँकेच्या खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणं ही एक गोष्ट, आणि थेट लाभाचे पैसे याच खात्यात पाठवा अशी नोंद एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, यादीत असणं ही दुसरी. मुलं पहिली गोष्ट करून निर्धास्त होतात आणि पैसे भलत्याच खात्याकडे जातात, नाहीतर परत फिरतात. वर्षभरानंतर मुलगी ऑफिसात येऊन विचारते, 'सर, माझी स्कॉलरशिप का नाही आली?' तेव्हा खिडकीतल्या लिपिकाला उत्तर माहीत असतं. तेच उत्तर त्यानं मे महिन्यात, अर्ज भरायच्या आधी सांगावं, म्हणून मदत कक्ष.

ही माहिती प्राध्यापकांकडे क्वचित असते. ती शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे असते. म्हणून या उपक्रमाचा प्रमुख त्यालाच करा, कागदावर आणि व्यासपीठावरही. सगळ्या 'समाजसेवा समित्यां'मध्ये अध्यक्ष प्राचार्य, समन्वयक प्राध्यापक आणि खुर्च्या मांडायला शिक्षकेतर कर्मचारी, ही रचना मोडल्याशिवाय काम चालणार नाही असं मी ठामपणे सांगते. जिथे जिथे असा कक्ष टिकलेला पाहिला, तिथे त्याच्या मुळाशी कुणीतरी लिपिक, ग्रंथालय परिचर किंवा प्रयोगशाळा सहायक होता ज्याला तालुक्यातली निम्मी घरं नावानं ओळखत होती.

माजी विद्यार्थ्यांचं काम दुसऱ्या टोकाला. तुमच्यातला कुणी तहसील कार्यालयात असेल, कुणी सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवत असेल, कुणी बँकेत, कुणी वकील. त्यांनी आपल्या जागेवरून नियमाबाहेर कुणाची मदत करू नये. फक्त कोणता कागद लागतो हे आधी आणि अचूक सांगावं. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, अहवाल लागतो. गर्दी जूनमध्ये होते आणि एप्रिलमध्ये अर्ज केला तर दाखला सहज निघतो. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अपील करता येतं, आणि ते अपील कसं लिहायचं हे एखाद्या वकील माजी विद्यार्थ्यानं एकदा नीट बसून शिकवलं की कक्षातला प्रत्येकजण ते लिहू शकतो. पुण्यात किंवा अमेरिकेत बसलेल्यांनी महाडीबीटीच्या सूचना, तारखा, बदललेले नियम यांवर नजर ठेवावी आणि दर आठवड्याला एक पानाचं सोपं मराठी टिपण कक्षाला पाठवावं. हे काम लांबून होतं, नियमित होतं आणि खरंच उपयोगी पडतं.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. मुलांचा पासवर्ड, ओटीपी, आधारची झेरॉक्स कक्षात ठेवायची नाही. अर्ज मुलानं किंवा मुलीनं स्वतःच्या हातानं भरायचा, स्वयंसेवकानं शेजारी बसायचं. वेळ जास्त लागतो हे खरं. पण पुढच्या वर्षी ती मुलगी नूतनीकरणाचा अर्ज स्वतः भरते आणि धाकट्या भावाचाही भरून देते.

याच कामाला जोडून जात पडताळणी येते, आणि इथे तर महाविद्यालयाला तोडच नाही. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीची नोंद शोधावी लागते. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेतला प्रवेश निर्गम उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुने खरेदीखत. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, ज्यांची जमीन कधी नव्हती, जे गावोगाव फिरत राहिले, त्यांनी काय करायचं? नेमकी हीच घरं आरक्षणाची खरी धनी, आणि पुरावा दाखवणं त्यांनाच सगळ्यांत जड.

जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात. घरात जपून ठेवलेला कागद कुणाला वाचताच येत नाही. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, ऱ्हस्वदीर्घ पाळलेलं नसतं, शाई उडालेली असते. कोतवाल बुकाच्या एका ओळीत मुलाचं नाव, बापाचं नाव आणि जात अशी दाटीनं लिहिलेली असतात, आणि एखाद्या घराण्याच्या दोन पिढ्यांचं शिक्षण त्या ओळीवर अवलंबून असतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वानवा आहे ते सगळ्यांनाच दिसलं. तुमच्या इतिहास विभागात मोडी जाणणारं कुणी असेल, निवृत्त प्राध्यापकांत असेल, तर त्यांना आवर्जून बोलवा. नसेल तर माजी विद्यार्थ्यांपैकी चार-पाच जणांना शिकायला पाठवा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही वर्ग चालतात. जात पडताळणी समितीपुढे लिप्यंतर अधिकृत जाणकाराकडूनच लागलं तरी कोणता कागद कामाचा आहे, कोणत्या गावच्या कोणत्या दप्तरात शोधायचं, हे आधी कुणी सांगितलं तर घरच्यांच्या फेऱ्या आणि एजंटाला जाणारे पैसे वाचतात. निवृत्त माणसाच्या हाताला यापेक्षा मोलाचं काम क्वचितच मिळेल.

आरोग्य शिबिराबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. तुमच्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत म्हणून हा मोह होणं साहजिक आहे. माझा आक्षेप एकदिवसीय शिबिराला आहे. रविवारी पन्नास वर्षांच्या बाईची साखर वाढलेली निघाली. चिठ्ठी दिली, आठवड्याच्या गोळ्या दिल्या. आठव्या दिवशी तिनं कुठे जायचं? मधुमेह आणि रक्तदाब हे आयुष्यभराचे आजार. त्यांना एका रविवारी भेटून काही साधत नाही. मोतीबिंदू तपासला तर शस्त्रक्रिया कुठे, नेणार कोण, परत आणणार कोण, डोळ्यात थेंब घालायला घरी कोण आहे, हे सगळं शिबिराच्या आधी ठरलेलं पाहिजे.

याबाबतीत वर्ध्याजवळच्या सेवाग्रामकडून शिकावं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव घेते. पहिल्या वर्षी गावात मुक्कामी शिबिर होतं, प्रत्येक विद्यार्थ्याकडे ठरलेली कुटुंबं येतात आणि शिबिर संपल्यावरही तो त्याच घरांत जात राहतो. त्यामुळे त्या घरातल्या सुनेचं हिमोग्लोबिन गेल्या खेपेला किती होतं हे त्याला आठवतं. पुण्याच्या 'मैत्री' संस्थेची अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाट या आदिवासी भागातली धडक मोहीमही पाहण्यासारखी आहे. बालमृत्यू पावसाळ्यात वाढतात म्हणून पावसाळ्यातच, निरनिराळ्या व्यवसायांतले शहरी स्वयंसेवक तुकड्यातुकड्यांनी तिथे जाऊन राहतात. अशा रचनेत माणसं बदलली तरी काम चालू राहतं, कारण जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीच्या हाती वही देऊन जाते. तुमच्या डॉक्टरांना हे जमणार असेल तर एक सरकारी आरोग्य उपकेंद्र घ्या, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी आणि आशाताईंशी बोला, आणि ठरलेल्या वारी महिन्यातून एकदा तिथंच जा. औषधं सरकारी पुरवठ्यातली, नोंदवही आशाताईंची. स्वतःचं वेगळं दुकान थाटू नका. हे जमणार नसेल तर आरोग्याचा विषय सध्या बाजूला ठेवलेला बरा.

गाव दत्तक घेण्याविषयी थोडं. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली, आणि वर्षाला १२० तास काम, सात दिवसांचं विशेष शिबिर, दत्तक गाव अशी तिची चौकट आहे. त्या शिबिरांवर माझा फार जीव आहे. शहरात वाढलेल्या मुलानं सात दिवस समाजमंदिरात झोपून, पहाटे उठून गावातल्या माणसांबरोबर बांध घालणं, यातून तो मुलगा बदलतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पण शिबिराचा खरा लाभार्थी विद्यार्थी असतो. तुमचा संघ चाळिशी-पन्नाशीच्या माणसांचा आहे. तुम्ही पुन्हा तेच करायला नको. महाविद्यालयाचं दत्तक गाव आधीच ठरलेलं असेल तर तिथेच जा, नवं शोधू नका, आणि विद्यार्थ्यांनी शिबिरात जे सुरू केलं त्याची पुढच्या अकरा महिन्यांची देखभाल तुम्ही घ्या. बंधाऱ्यातला गाळ, अभ्यासिकेचं वीजबिल, ग्रंथालयाच्या पेटीतली पुस्तकं बदलणं. काम ग्रामसभेत मांडूनच घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. तिथे जाऊन आधी नुसतं ऐका. सरपंचाच्या घरी चहा पिऊन ठरलेलं काम गावातल्या एकाच आळीचं होतं. आणि तारीख गावाच्या सोयीची ठरवा. सोयाबीन काढणीच्या रविवारी बायकांचा मेळावा ठेवला तर मजुरी बुडवून कोण येणार?

आता कर्मचाऱ्यांबद्दल, कारण हा विषय नाजूक आहे आणि याबद्दल मोकळेपणानं कुणी बोलत नाही.

नोकरी सांभाळून सेवा करण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. विधवांसाठीच्या आश्रमाचं काम त्यांनी १८९६ मध्ये सुरू केलं, १९०० मध्ये आश्रम पुण्याजवळच्या हिंगण्याला हलवला, आणि कॉलेजचे तास संपवून ते पायी, पावसाळ्यात चिखल तुडवत, मुलींना शिकवायला हिंगण्याला जात. पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं त्याच्या आधीची ही पायपीट आहे. याच कर्व्यांनी त्याही आधी 'मुरुड फंड' काढला होता, आपल्या गावच्या कामांसाठी बाहेरगावी गेलेल्या मुरुडकरांकडून वर्गणी जमवणारा. आज माजी विद्यार्थी संघ जे करू पाहतात ते त्यांनी एका गावासाठी केलं.

पण कर्वे स्वतःच्या मनानं जात होते. आजच्या महाविद्यालयात नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यांकनात विस्तारकार्याला आणि माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात, त्यामुळे वरून आदेश निघतो आणि 'स्वयंसेवा' सक्तीची होते. त्याचा सगळा भार कुणावर पडतो? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांवर. त्यांना तासाप्रमाणे मानधन, तेही महिनोन्महिने लांबलेलं, आणि 'नाही' म्हटलं तर पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही याची धास्ती. त्यांच्याकडून रविवार मागणं हा मला सरळ अन्याय वाटतो. संघानं लेखी ठरवावं की तासिका तत्त्वावरच्या आणि कंत्राटी माणसांना काम सांगायचं झालं तर त्याचे पैसे संघ देईल. शिपाई, सफाई कर्मचारी यांनाही हेच लागू. कायम नोकरीतल्यांनी वेळ द्यावा, तोही ज्याला मनापासून द्यायचा आहे त्यानंच. कक्षाला आठवड्यातून दोन ठरलेल्या संध्याकाळी पुरतात, हंगामात रोज. महाविद्यालयानं जागा, वीज, इंटरनेट आणि प्रिंटर द्यावा. एवढीच अपेक्षा संस्थेकडून ठेवा आणि तिचा ठराव करून घ्या, म्हणजे प्राचार्य बदलले तरी खोलीला कुलूप लागत नाही.

पैशांचं. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांकडून देणगी घेण्याआधी सनदी लेखापालाला विचारा, कारण इथे भलेभले संघ अडकतात. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. तोच मित्र अमेरिकन नागरिक झाला असेल, हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असेल, तर त्याचे शंभर रुपयेही विदेशी देणगीच. त्यासाठी विदेशी देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या विशेष खात्यातच यावी लागते. नव्या संघाला नोंदणी लगेच मिळत नाही, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. तोवर अशा मित्रांकडून वेळ घ्या. आयकरातली सवलत, जी आपण ८०जी म्हणून ओळखतो, तिच्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवला असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब आणि लेखापरीक्षण अहवाल जातोच; त्याची एक प्रत कक्षाच्या दारावर लावा.

या कामाला पैसा फारसा लागत नाही. एक गोष्ट मात्र पैशांनी करण्यासारखी आहे: छोटा फिरता निधी. शिष्यवृत्ती मंजूर आहे पण जमा व्हायची आहे, आणि परीक्षा शुल्काची किंवा मेसची तारीख आली, अशा मुलामुलींना बिनव्याजी उसने पैसे. शिष्यवृत्ती आली की परत. कोणाला द्यायचे हे तिघांनी ठरवावं, त्यात एक तरी स्त्री असावी, आणि नावं कुठेही जाहीर करू नयेत. गरजू विद्यार्थ्याला स्टेजवर बोलावून हातात धनादेश ठेवण्याचा कार्यक्रम कृपा करून करू नका. अठरा-एकोणीस वर्षांचं लेकरू असतं ते, समोर त्याचे वर्गमित्र बसलेले असतात.

शाळकरी मुलांचे वर्ग किंवा अभ्यासिका चालवायचा विचार असेल तर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची ओळख तपासा, एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही असा नियम करा, आणि पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याची माहिती सगळ्यांना द्या. लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, ती संघाच्या बैठकीत मिटवायची बाब नाही.

उत्साह टिकवण्याबद्दलचं माझं म्हणणं फार लांबलचक नाही. माणसं कंटाळतात ती कामाला नव्हे. आपल्या कामाचं पुढे काय झालं हे कळत नाही म्हणून गळतात. म्हणून प्रत्येक अर्जाचा माग ठेवा: कधी भरला, कुठल्या टप्प्यावर आहे, परत आला तर कशामुळे, पैसे जमा झाले का. वही साधी शंभर पानी असली तरी चालेल. त्या वहीतून दोन वर्षांत असं काही निघेल की जे तहसीलदारांना आणि समाजकल्याण विभागाला नेऊन दाखवता येईल: अमुक शाखेत आधार जोडणी होत नाही, अमुक गावचे दाखले दरवर्षी अडतात. मग तुम्ही एका मुलीचा अर्ज दुरुस्त करणारे न राहता पूर्ण तालुक्याचं अडलेलं काम सोडवून घेणारे व्हाल. सेवेचं हे रूप मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्यासाठीचं निवेदन लिहिताना आवाज चढवायची गरज नसते, वही पुरेशी बोलते.

आणि ज्या मुलींना कक्षाची मदत झाली त्यांना पुढच्या मे महिन्यात टेबलाच्या या बाजूला बसवा. त्यांच्याइतका चांगला स्वयंसेवक मिळणार नाही. कुठल्या सेवा केंद्रात किती वेळ लागतो, बँकेतल्या बाई किती वाजता भेटतात, वडिलांना कसं समजवायचं, हे त्यांना ठाऊक असतं. माजी विद्यार्थी संघाचा पुढचा सभासद असाच तयार होतो; स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेनं होत नाही.

सुरुवात डिसेंबर-जानेवारीत करा. शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याबरोबर दोन तास बसा आणि मागच्या वर्षी परत आलेल्या अर्जांची कारणं लिहून काढा. तीच कक्षाची पहिली माहितीपत्रिका. फेब्रुवारीत आसपासच्या हायस्कूलांच्या मुख्याध्यापकांना भेटा. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात, त्या काळात मुलांना त्रास देऊ नका. पालकांना गाठा, आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजारातच. एप्रिलमध्ये उत्पन्नाचे दाखले आणि बँक खाती. निकाल लागायच्या आत टेबल मांडलेलं असलं पाहिजे. आणि माजी विद्यार्थ्यांना पहिलं पत्र पाठवाल त्यात देणगीचा उल्लेखही करू नका. फक्त तीन गोष्टी विचारा: सध्या काय काम करता, आठवड्यातला कोणता एक तास नक्की देऊ शकाल, आणि तुमच्या स्वतःच्या शिक्षणात कोणता कागद अडला होता. तिसऱ्या प्रश्नाला येणारी उत्तरं नीट वाचा, कक्षानं आधी कशाला हात घालायचा ते त्यातूनच ठरेल.